सरळ मिशा

"खेळण्यांच्या धंद्यात दर्जाला पर्याय नाही," असं जाहीर करून मालकांनी आपल्या कारखान्यातल्या प्लास्टिकच्या शिपायांच्या वाकड्या मिशा सरळ करून घेतल्या. तेव्हापासून शिपायांना कुत्रं विचारेना आणि चारातले तीन साचे धूळ खात पडले. वैतागून मालकांनी वर्षानुवर्षं हे शिपाई जमवणाऱ्या मास्तरांना गाठलं.

"मास्तर, आता तर मिशी रेघेसारखी सरळ आहे. मग घोडं अडलंय कुठं?"

"अहो, पूर्वी प्रत्येकाची मिशी वेगळी निघायची, म्हणून कपाटभर घेतले. आता एक घेतला की अख्खी पलटण घेतल्यासारखंच."

मालक तडक मिशा रंगवणाऱ्या म्हाताऱ्या रंगाऱ्यापाशी गेले.

"काका, कंपनीनं करून दिलेला चष्मा कामापुरता खिशात ठेवाल का?"