गौरजाचा फोटो

नम्रताने फोन चालू केला, तर गावाच्या ग्रुपवर तिच्या पोरीच्या फोटोला हार घातलेला.

खाली दोन पणत्या, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि ‘कु. गौरजा, वय पाच’. टाकणारे हरिश्चंद्र, तिच्या नवऱ्याचे चुलतकाका. गावात कोणी गेलं की पहिली बातमी आपणच द्यायची, याचा या गृहस्थांना भारी सोस. सकाळी तिचा नवरा गुरुप्रसाद त्यांना फोनवर रडत म्हणाला होता, “काका, काय खरां नाय.” मग इस्पितळाच्या वॉर्डात जाताना नवराबायकोने फोन बंद ठेवले. काकांनी दोनदा फोन लावला, लागला नाही, तेवढ्यावर त्यांनी पोर मारून टाकली. खाली त्रेसष्ट जणांनी हात जोडले होते. खरं की खोटं, इस्पितळात फोन करून विचारावं असं एकालाही वाटलं नव्हतं.

गौरजा आत खाटेवर होती. नाकात कापूस, हाताला सलाईन. डेंग्यूने प्लेटलेट नऊ हजारांवर आलेल्या. संध्याकाळी पाचच्या आत रक्त हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गट बी निगेटिव्ह, आणि रक्तपेढीत एकही पिशवी नाही. गावातला जितेंद्र आणि त्याचा भाऊ या गटाचे. दोघे दुपारीच गाडी काढून निघाले होते.

त्या हाराखालीच जितेंद्रचा मेसेज होता. ‘वैनी, अर्ध्या वाटेर कळला. आमी परत फिरलव. धीर धरा.’

नम्रताने त्याला फोन लावला. लागेना. भावाचाही लागेना. त्या रस्त्याला रेंज कुठे असते! घड्याळात अडीच वाजले होते.

शेजारी गुरुप्रसाद काकांना एकट्यांनाच लिहीत होता, ‘काका, थोडा गैरसमज झाला आहे.’

“गैरसमज?” नम्रताने त्याच्या हातातला फोन काढून घेतला. “गुपचूप कित्याक सांगतास?”

“मोठो माणूस आसा गो. सगळ्यांसमोर बरां दिसणा नाय.”

“सगळ्यांसमोर मारल्यानी ना? मगे सगळ्यांसमोरच जित्ती दाखवूची.”

ती तशीच आत गेली. नर्स आडवी आली, “मॅडम, मोबाईल नको इथे.” नम्रताने ग्रुप उघडा असलेला आपला फोन तिच्यापुढे धरला. नर्सने तो फोटो पाहिला, मग खाटेवरची पोर पाहिली, आणि पडदा ओढून घेतला.

नम्रताने आवाज रेकॉर्ड करायचं बटण दाबून धरलं. “गौरजा, बोल गो बाये. कायय बोल.”

पोरीने मान वळवून फोनवरच्या त्या फोटोकडे पाहिलं. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. “आई, माझो फोटो. माका हार कोणी घातल्यान? आज माझो वाढदिस आसा?”

नम्रताने बोट उचललं नाही. “नाय गो. वाढदिस दिवाळीनंतर. हो हार हरीकाकांनी घातल्यानी. न विचारता.”

आणि ग्रुपवर पाठवून दिलं.

मग जो तो आपापले जोडलेले हात पुसायला लागला. हरिश्चंद्रांनी फोटो काढून टाकला आणि लिहिलं, ‘चुकून गेले. देवाची कृपा.’ चुकून गेले, एवढंच. पोरगी कशी आहे, ते याही वेळी विचारलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. जितेंद्र होता. “वैनी, आताच ऐकलव. आमी गावच्या तिठ्यार पोचलव. हयसूनच गाडी वळवतव, चारच्या आत येतव.”

“तिठ्यार आसास? बरां झाला,” नम्रता म्हणाली. “हरीकाकांचा घर थयच आसा. तेंकाय गाडयेत घाल. गट खंयचोय असांदे, रक्तपेढीत बदली चलता. हार घातल्यानी, आता रगत देवंदेत.”