ऐकायची पेटी

“पेटी मधे ठेवा. ज्याला बोलायचंय त्यानं ती पुढ्यात घ्यावी,” यज्ञेश्वर म्हणाला आणि कानातली चकती घट्ट दाबून बसला.

महादेवाच्या देवळाच्या ओवरीत गुरव भाऊबंद वर्षाच्या पूजेच्या पाळ्या ठरवायला जमले होते. असली विलायती पेटी सोलापुरात कुणी पाहिली नव्हती. वर चाळणीसारखी भोकं, पोटात बॅटरी, आणि तिथून एक तार थेट यज्ञेश्वरच्या कानात. जावयानं मुंबईहून आणली होती. दोघं एकदम बोलले की तिच्यात नुसता गिरणीचा खडखडाट. म्हणून एकेकानंच बोलायचं.

“बाजाची पेटी आणली व्हय? भजन करायचं काय?” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. चुलतभाऊ एकनाथही हसला, पण मागाहून, शेजाऱ्यांची तोंडं बघून. यज्ञेश्वरनं ते बरोबर टिपलं.

तसं हसणं त्याला चांगलंच ठाऊक होतं. आपल्याला ऐकू येत नाही हे कुणाला कळू नये म्हणून तो स्वतः कित्येक वर्षं तसाच हसला होता. कुणी काही विचारलं की मान हलवायचा. त्या मानेनंच त्याचा घात केला. या भाऊबंदांत कागद नसतो. हातात बेलाचं पान घ्यायचं, मान हलवायची, की शब्द पक्का. तीन वर्षांपूर्वी याच ओवरीत एकनाथनं त्याला पान देऊन हळूच विचारलं होतं, “श्रावणाची पाळी मला देतोस न्हवं?” यज्ञेश्वरनं मान हलवली. बाकीच्यांनी ऐकलं, आणि एकानंही तोंड उघडलं नाही.

त्याला कळलं ते पहिल्या श्रावणी सोमवारी. तो ओलेत्यानं घागर घेऊन आला, तर गाभाऱ्यात एकनाथ बसलेला. भरल्या देवळात लोकांनी त्याची वाट अडवली. बापजाद्यांची पाळी गेली होती. त्या दिवसापासून तो नंदीच्या पुढे गेला नाही.

श्रावणाबरोबर आरतीचा नगाराही एकनाथकडे गेला. यज्ञेश्वरचे कान त्याच नगाऱ्यानं नेले होते. आता एकनाथचे नेले. देवानं न्याय केला, दुसरं काय!

पेटी घरी आली तेव्हा यशोदेनं, त्याच्या बायकोनं, भोकांशी तोंड नेऊन विचारलं होतं, “च्या घेता का?” तिचा आवाज! “पुन्हा बोल,” तो म्हणाला. पुन्हा बोल, पुन्हा बोल. चहा गार झाला तरी त्याचं समाधान होईना. पण पुढे त्याच्या डोक्यात एकनाथच घोळू लागला.

आता त्यानं बेलाचं पान उचलून एकनाथच्या हातात दिलं. आवाज खाली आणला. ओठ जेमतेम हलवले.

“श्रावण मला परत. तुझी महाशिवरात्रबी माझी. कबूल?”

एकनाथनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, गोड हसला आणि मान हलवली. याही खेपेला कुणी तोंड उघडलं नाही. “शब्द पक्का,” सगळ्यांत थोरले आप्पा म्हणाले.

पण यज्ञेश्वरला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. ओलेत्यानं उभं असताना आपलं तोंड जसं झालं होतं, तसंच एकनाथचं झालेलं त्याला बघायचं होतं. तो पेटी घेऊन त्याच्यासमोर बसला. आपल्या कानातली चकती काढून त्याच्या कानात खुपसली आणि पेटी आल्यापासून घोकलेलं वाक्य भोकांत बोलला.

“एकनाथा, तुझ्या दोन्ही पाळ्या गेल्या. तूच मान हलवलीस.”

एकनाथ दचकला. बेलाचं पान हातातून गळलं. डोळे भरून आले. त्यानं दोन्ही हातांनी पेटी छातीशी धरली.

“यज्ञा, तुझा आवाज! लई दिसांनी रं... पुन्हा बोल की. पुन्हा बोल.”

चकती एकनाथच्या कानात होती. यज्ञेश्वरला यातलं काहीच ऐकू आलं नाही. पण ते ओठ त्यानं ओळखले.

घोकलेलं वाक्य काही केल्या पुन्हा तोंडातून निघेना.

“च्या घेतोस का?” तो म्हणाला.