नाव न घेता

नवऱ्याला डेंग्यू झाला, तेव्हा चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात प्लेटलेट्सची सोय झाली होती. तेव्हापासून मार्थाबाईंचा त्या ग्रुपवर देवाच्या खालोखाल विश्वास. तरीही लेकीला फिट येतात ही गोष्ट त्यांनी एकट्या पाळकबाईंच्याच कानावर घातली. दोन स्थळं मोडून आता कुठे पोरीचं जमलं होतं.

"प्रार्थना करा, पण नाव काढू नका."

पाळकबाई शब्दाच्या पक्क्या. संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला : "इंदिरानगरच्या एका बहिणीच्या लेकीला फिट येतात. येत्या रविवारी तिचा साखरपुडा आहे. नाव सांगत नाही, प्रभू जाणतो. सर्वांनी प्रार्थना करावी."



सगळ्यात आधी 'आमेन' आलं ते होणाऱ्या विहीणबाईंचं.