पंखाच्या पत्र्यावरच्या बिबड्या

स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी शिवारात फौजेचं विमान पडलं, तेव्हा ताईबाईच्या सासऱ्याने पंखाचा पत्रा घरी आणला. त्यावर वाळवण झटपट होतं, याची तिला आजही ऐट होती.

वैशाखाच्या भर दुपारी घरावरच्या सपाट धाब्यावर तिने त्या पत्र्यावर ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या घातल्या. संध्याकाळी त्या लेकीकडे धरणगावला न्यायच्या होत्या.

शेजारच्या धाब्यावरून कोकिळाने आपल्या वाळलेल्या बिबड्या दाखवत टोमणा मारला, "अक्का, मन्या बठ्ठ्या वाळन्यात. तुन्या आजून वल्याच शेत?"

"जळ तू!" म्हणत ताईबाईने हसून पत्र्यावर पंजा टेकला. पत्रा बर्फासारखा गार होता. बिबड्यांवर हिव गोठलं होतं, आणि पंजा सुटेना.

"अक्का, खाले उतर!" कोकिळाचा आवाज फार खालून आला.

ताईबाईने पत्र्याच्या कडेवरून खाली पाहिलं. गावभरच्या धाब्यांवर बिबड्या होत्या. आपल्या बिबड्यांइतकी गोल एकही नाही, असं तिला वाटलं, तोवर त्या टिकल्यांएवढ्या झाल्या.