जोडीचं कार्ड

“बाबा, बँकेने कार्डाची वर्षाची फी दुप्पट केलीय,” मुलगी म्हणाली. “नऊ वर्षं हे प्रवासाचं कार्ड बाळगताय. तेवढ्या वर्षांत तुम्ही गेलात कुठे? घर ते चष्म्यांचं दुकान, दुकान ते घर.”

चष्मेवाला टेबलावर चष्मा शोधत होता.

“विमानतळावर बसायला वेगळी खोली देतात. फुकट,” तो म्हणाला.

“विमानतळ बाहेरून तरी पाहिलाय का? आणि चष्मा कपाळावर आहे. काखेत कळसा अन् गावाला वळसा.”

बाल्कनीत बायको हसली. ती वेलीला आधार बांधत होती. हातभर लांबीच्या चमकत्या तारा एकमेकींना जोडून तिने वेल पार छतापर्यंत चढवली होती. प्रत्येक तारेच्या टोकाला मोहरीएवढा मणी. कुठून आणल्यास, असं त्याने एकदा विचारलं होतं. “अडगळीत होत्या,” ती म्हणाली होती.

“राहू दे गं ते कार्ड,” आताही ती आतल्या दिशेने म्हणाली. “असते एकेकाची हौस.”

साबणाचे उरलेले तुकडे दाबून त्यांची नवी वडी करणारी ही बाई. पण या फीबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. हिला हे बँकेचं काही कळत नाही म्हणून आपलं निभावतंय, असं चष्मेवाला मनाशी म्हणे.

“महिनाअखेरपर्यंत ठरवा,” मुलगी चपला घालताना म्हणाली. “एक फोन केला की बंद होतं.”

एक फोन. त्याने कार्ड खिशात आत सरकवलं.

मूळ कार्डासोबत जोडीचं आणखी एक कार्ड मिळालं होतं. ते त्याने मुलाच्या नावाने घेतलं होतं. पोरगं कॉलेजात जाईल, शिकेल, दुकानात बसेल. पोराने हातात व्हायोलिन धरलं. ते वाजायचंही गोड, पण गोड म्हणायला बापाची जीभ वळली नाही. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, घरात दोघंच असताना, त्याने चष्म्याच्या फ्रेमची पक्कड घेतली आणि व्हायोलिनची तार कटकन तोडली. “वाजव आता,” म्हणाला.

सकाळी पोरगं नव्हतं, व्हायोलिन नव्हतं. पुढे केव्हातरी त्याने खण उघडला, तर जोडीचं कार्डही नव्हतं.

पंधरा दिवस दुकानाचं शटर वर गेलं नाही. चष्मेवाला भिंतीकडे तोंड करून पडून राही. बायको ताट ठेवी, तसंच उचलून नेई. मग कार्डाचं स्टेटमेंट आलं. जोडीच्या कार्डावर एकच खरेदी, गाडीने तीन तासांवरच्या गावात, वाद्यांच्या दुकानातली. त्याने दुकानात फोन केला. एवढ्या किमतीला तुमच्याकडे काय मिळतं?

“व्हायोलिनची एक तार.”

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं.

तेव्हापासून दर महिन्याला एक ओळ येई. तेच दुकान, तीच एक तार, पहिला शनिवार. शनिवारी सुट्टी मिळत असेल त्याला. तार तुटते म्हणजे वाजवतो, वाजवतो म्हणजे बरा आहे. तो कागद कुणी बघायच्या आत तो काढून घेई. बायकोला सांगावं, तर तार कोणी तोडली तेही सांगावं लागलं असतं.

माणसाचं मन मोठं लबाड. मागायची असते माफी, आणि ते कागद वाचत बसतं. इतकी फी भरून आपण घेतो काय? महिन्याला एक ओळ. पोर जिवंत असल्याची ओळ महाग कशी म्हणावी? पण नुसत्या ओळीवर आणखी किती वर्षं काढायची?

त्याने कार्डावर साठलेले सगळे पॉइंट मोडून पहिल्या शनिवारचं गाडीचं तिकीट काढलं. पोराला भेटायचं, पाय धरायची वेळ आली तर धरायचे, पण घरी आणायचं. मग खुशाल बंद होऊ दे कार्ड.

“अहो, उद्या मी ताईकडे जाऊन येते,” शुक्रवारी बायको म्हणाली. “तिचे गुडघे परत धरलेत. तुमचा डबा करून ठेवते.”

“डबा नको. मलाही भिंगांच्या कामाने बाहेर जायचंय.”

वाद्यांचं दुकान अरुंद होतं. भिंतीवर व्हायोलिनं टांगलेली होती.

“मुलाची वाट बघतोय. बसू का जरा?”

“बसा की,” दुकानदार म्हणाला. “वाट बघायला इथे फी नाही.”

चष्मेवाला कोपऱ्यात वाद्याच्या एका उभ्या पेटीआड स्टुलावर बसला. माझं चुकलं. दोनच शब्द. त्याने ते ओठांत दहादा म्हणून पाहिले.

दाराची घंटी वाजली. तो पेटीआड आणखी आत सरकला.

“नेहमीचीच ना, काकू?” दुकानदार म्हणाला.

दुसरंच कुणी गिऱ्हाईक. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि पेटीआडून डोकावून पाहिलं.

त्याची बायको पर्स उघडत होती. रुमालाच्या गाठीतून तिने जोडीचं कार्ड काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

दुकानदाराने पाकिटातली तार उलगडली. टोकाचा मोहरीएवढा मणी बोटाने चाचपून पाहिला. “मुलाला घेऊन या की एकदा. इतक्या तारा तोडतो, ऐकू तरी.”

“तो वाजवत असेल कुठेतरी,” ती म्हणाली. “ही त्याच्या बाबांना लागते.”