काजळी

पोहे खाऊन पाहुणे नांदुऱ्याला निघाले, तरी मुलगा जयमालाशी एक शब्द बोलला नव्हता. सगळं त्याचे मामाच बोलले: "पोरगा पुण्यात साहेब हाये." साहेबांची बोटं सारखी मांडीवर नाचत होती. अंगणात त्यांची जुनी कार थरथरली, काळा धूर ओकून बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. "तू बोनेटले हात नको लावू बे," मामा पुटपुटले. दारातल्या जयमालानं ते ऐकलं. "काऊन? लावू द्या ना." मुलगा बाह्या सारून वाकलाच. "एक्सलेटर सोडला की बंद पडते. धूर परत इंजिनात सोडते ना, तो ईजीआरचा व्हॉल्व्ह काजळीनं उघडाच अडकला." त्यानं तो काढून काजळी घासली, तेव्हा बोटं पहिल्यांदाच शांत होती. गाडी सुरू झाली. मामांनी घाईनं रामराम केला. जयमाला मुलाला म्हणाली, "हात धुवाले घरात या. अन् खरं काय करता, ते तुम्हीच सांगा."