धाकटीचं वय

भोकरदनच्या शिकवणीत रामप्रसाद सरांनी मुलींना वयांवरचं उदाहरण स्वतःच तयार करायला सांगितलं. सर फळा पुसत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "आम्हा दोघी बहिणींच्या वयांची बेरीज तीस. मोठीच्या वयाची दुप्पट धाकटीच्या वयापेक्षा बारानं जास्त."

सरांनी मोठीचं वय क्ष धरलं, धाकटीच्या जागी 'तीस वजा क्ष' ठेवलं आणि फळ्यावरच उत्तर काढलं.

"मोठी चौदाची अन् धाकटी सोळाची? कायतरी चुकलं तुझं."

"बराबर हाय, सर. शालू वाढून राह्यली. मी तितकीच राह्यले."

सरांचा खडू थांबला. मागं वळून बघायचा त्यांना धीर होईना.

पहिल्या बाकावरची शालू हळूच म्हणाली, "सर, ताईला चूक म्हणू नका. मंग ती घरी येऊन लई रडती."